गिटारचं डोकं कावीच्या रंगात: हेडस्टॉकच्या नोंदी

६ ऑक्टोबर, पेडणे

घरी करत असलेल्या गिटारच्या नेकचं म्हणजे मानेचं लाकूडकाम संपलं, आता हेडस्टॉक, म्हणजे तारा पिळायच्या खुंट्या असतात ते डोकं. लाकूड सागवान, आमच्या जुन्या घराच्या दाराच्या चौकटीतलं. हेडस्टॉक १३ अंश मागे झुकलेला आहे आणि तिरक्या सांध्याने जोडलेला आहे. एकाच तुकड्यातून कोन कापला असता तर तिथे लाकडाचे रेषे आखूड पडले असते, आणि गिटार कधी पडली तर पहिला तडा तिथेच जातो. सांधा केला की रेषे डोक्याच्या लांबीने धावतात. ट्रस रॉडची (नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळीची) चावी बॉडीच्या बाजूने ठेवली आहे. त्यामुळे हेडस्टॉकवर तिच्यासाठी भोक नाही, झाकण नाही, सगळा दर्शनी भाग सजावटीला मोकळा.

गिटार भाचीसाठी आहे. ती आज बघायला आली आणि म्हणाली, "मामा, वर मोठ्या कंपनीचं नाव लावूया ना. तसलं स्टिकर मिळतं."

मी म्हटलं, "बाय, ही त्यांनी केलेली नाही. त्यांचं नाव कशाला?"

ती थोडी हिरमुसली, पण माझं मत ठाम आहे. गिटारमध्ये हेडस्टॉक म्हणजे सही. बॉडीचे आकार सगळे एकमेकांचे उचलतात, डोक्यावरून मात्र घराणं ओळखू येतं. सहाही खुंट्या एका बाजूला ठेवायची पद्धत फेंडर कंपनीमुळे जगाला माहीत झाली, पण व्हिएन्नाचे योहान गेओर्ग श्टाउफर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच तशा गिटारी करत होते. १८३३ मध्ये न्यूयॉर्कला गेलेल्या सी. एफ. मार्टिनच्या सुरुवातीच्या गिटारींवरही तेच डोकं दिसतं. १९४८ मध्ये कारागीर पॉल बिग्सबीने वादक मर्ल ट्रॅव्हिससाठी केलेल्या गिटारवर एका रांगेतल्या खुंट्या आल्या, आणि १९५० पासून फेंडरच्या. गिब्सन कंपनीच्या गिटारच्या डोक्याला वर उघड्या पुस्तकासारखी खाच असते. १९७७ साली गिब्सनच्या मालक कंपनीने आयबानेझ गिटारींच्या अमेरिकेतल्या वितरकावर दावा लावला, तो या डोक्याच्या आकारावरूनच. ज्या जागेसाठी कंपन्या कोर्टात जातात, ती घरच्या गिटारवर आपल्याला फुकट मिळालेली असते. तिथे उसनं नाव चिकटवायचं म्हणजे हातातली सगळ्यात मोलाची जागा देऊन टाकायची.

या डोक्यावर पेडण्याचं काहीतरी असायला हवं, एवढं आज नक्की झालं.

९ ऑक्टोबर

आकार. आधी कागदावर नटपासून (नेक आणि डोकं मिळतात तिथल्या, तारांच्या खाचा असलेल्या पट्टीपासून) सहा तारांच्या रेषा आखल्या आणि डोक्याची कड त्यानंतर. उलटं केलं की दिसायला छान आणि सुरात न राहणारी गिटार तयार होते.

खुंट्या तीन-तीन. रुंद डोक्यावर डी आणि जी या मधल्या तारा नटमधून निघताच बाहेर वळतात, खाचेत घासतात आणि अडकतात. खुंटी पिळताना 'टिंग' असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारतो, तो यामुळे. जीच्या बाबतीत हे फार जाणवतं. उपाय म्हणजे डोकं वर निमुळतं करणं. डी आणि जी सगळ्यात वरच्या जोडीवर जातात, तेव्हा ती जोडी जवळजवळ असली की तारा बऱ्याच सरळ राहतात.

मापं अशी ठरली: नट ४३ मिमी, डोक्याची रुंदी नटकडे ६६ आणि वर ५२, लांबी १६५. भोकांचे मध्य कडेपासून १३ मिमीवर. ट्युनरच्या, म्हणजे खुंटीच्या यंत्राच्या, पुढून आवळायच्या नटाखाली येणाऱ्या गोल चकतीचा व्यास १५, म्हणजे प्रत्येक भोकाभोवती तेवढी जागा झाकली जाणार. चकत्यांच्या मधे उरतो एक पट्टा, खाली २५ मिमी रुंद, वर जेमतेम ११. शेवटच्या जोडीच्या वर मात्र मोकळं कपाळ आहे. चित्र बसवायचं ते या पट्ट्यात आणि या कपाळावर.

वरची कड महिरपीची, तीन कमानींची. सुतारकाम करणारे मेस्त घरी आले होते, त्यांना प्लायचा साचा दाखवला. कमानी जिथे मिळतात तिथली दोन टोकं त्यांनी अंगठ्याने दाबून बघितली. "ही टोकं सुईसारखी ठेवू नको. भिंतीला टेकवली की उडतील." टोकं बोथट केली. आकार त्याने बिघडला नाही, उलट हाताला बरा लागतो.

१३ ऑक्टोबर

सजावट कशाने करायची यावर बराच विचार झाला. तो लिहून ठेवतो, कारण घरी गिटार करणारा प्रत्येक जण इथे येऊन थांबतो.

पहिला पर्याय शिंपल्याची जडावट. गिटारच्या जगात ती मानाची समजली जाते. गोव्यात शिंपला म्हटला की जुन्या खिडक्या आठवतात, काचेऐवजी पातळ, दुधी शिंपांच्या चौकोनांच्या. आमच्याकडे मोडक्या खिडकीतले तसले काही तुकडे पडून आहेत. पण ही शिंप अभ्रकासारखी पापुद्र्यांनी सुटते. करवतीचं बारीक पातं लावलं की कडेचे थर उलगडतात. नक्षीत कापायला हवा जाड आणि घट्ट मोती-शिंपला, आणि तो बाहेरून मागवलेला असतो. नदीतून नवी खिडकी-शिंप काढून आणणं तर सोडूनच द्या, तो जीव वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे. शिवाय शिंपल्याची धूळ फुप्फुसांना वाईट. कापायचाच तर पाणी लावत आणि चांगला मास्क घालून.

साहित्य बदललं म्हणून कलेचं काही जात नाही, हे गोव्याला सांगायला नको. घुमट या मातीच्या वाद्याच्या तोंडावर पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं. कायदा आला, शिकार बंद झाली, बकरीचं कातडं आलं. आज चवथीच्या आरतीला घुमट तेवढ्याच जोमाने घुमतो आणि २०१९ मध्ये सरकारने त्याला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मानही दिला.

दुसरा पर्याय कोरीवकाम. सागवानात खोल कोरलं तर जेमतेम १५ मिमीचं डोकं कमजोर होतं, आणि कमजोर होतं ते नेमकं भोकांच्या आसपास. तिसरा, पाण्याने चिकटणारं छापील चित्र. ते सोपं आहे, पण पुन्हा छापीलच.

मग कावी. पेडणे तालुक्यातल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर ती लहानपणापासून बघत आलो आहे. कोकण किनारपट्टीची ही कला खाली कारवार-कुमट्याकडेही दिसते. शिंपले भाजून केलेल्या, मुरवलेल्या चुन्याचा पांढरा गिलावा, त्यावर काव (तांबडी माती) मिसळलेला तांबडा थर, आणि तो ओला असतानाच लोखंडी काट्याने खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. कुंचल्याने रंगवणं नव्हे, काढून टाकणं. चित्र उरतं ते न काढलेल्या तांबड्यात. दोनच रंग असल्यामुळे कावी लांबून लख्ख दिसते. स्टेजवरच्या गिटारच्या डोक्याला हेच हवं.

१९ ऑक्टोबर

डोक्याच्या दर्शनी भागावर चिकटवायची शिसमाची पट्टी तयार. जुन्या पलंगाच्या पायातून ३ मिमी जाडीची कापून घेतली. शिसमाच्या जातीच्या सगळ्या लाकडांवर २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले, २०१९ मध्ये तयार वाद्यांना बरीच सूट मिळाली. घरातलं जुनं लाकूड घरच्याच गिटारला वापरताना तो प्रश्नच येत नाही, आणि ते पुरतं वाळलेलंही असतं.

सागवान १२ मिमीपर्यंत रंधून घेतला, म्हणजे पट्टीसकट १५ होतो आणि ट्युनरचे आटे पुरतात. सागवानात मुळातच तेल असतं, गोंद धरत नाही. म्हणून चिकटवायच्या आधी थिनरच्या फडक्याने पुसलं, फडक्यावर पिवळं येणं थांबेपर्यंत, आणि लगेच अरल्डाईट. रात्रभर क्लॅम्पमध्ये.

पट्टी बसल्यावर तिच्यात १ मिमी खोल घर काढलं आणि कडेने ५ मिमीची चौकट तशीच उंच ठेवली. चित्राचा थर चुन्याचा असो की दुसऱ्या कशाचा, ठिसूळच असणार. चौकटीच्या आत बसला तर कडेला धक्का लागत नाही. पटाशीने काम सावकाश झालं, महिरपीच्या कोपऱ्यांत तर फारच. मग १० मिमीची भोकं, खाली फळकुट घट्ट दाबून, म्हणजे ड्रिल बाहेर पडताना लाकूड उचकटत नाही.

भोकं चित्राच्या आधी पाडावीत. नंतर पाडली तर ड्रिलच्या हादऱ्याने चित्राचा थर भोकाभोवती सुटणार.

२४ ऑक्टोबर

खरा चुना लाकडावर टिकतो का, याची चाचणी सागवानाच्या तुकड्यांवर लावून ठेवली होती. परतीच्या पावसाची दमट हवा, मग दोन दिवस कडक ऊन. आज बघितलं तर आडव्या दिशेने केसासारख्या भेगा. कारण सरळ आहे. लाकूड रेषांच्या आडव्या बाजूला फुगतं आणि आकसतं, भिंत तेवढी हलत नाही. चुन्याचा गिलावा ताणला जात नाही, तडकतो. दुसरी अडचण पॉलिशची. लाख अल्कलीत विरघळते आणि ताजा चुना अल्कलीच असतो. लाखेचा थर ताज्या चुन्यावर लावलेल्या तुकड्यावर तो चिकट आणि तांबूस झाला.

म्हणजे कावीची रीत घ्यायची, चुना नाही.

वाट सापडली शेजारच्या सावंतवाडीत. तिथल्या गंजिफा पत्त्यांचं अंग असंच असतं: कापड, त्यावर चिंचोक्याची खळ, त्यावर खडूचा थर, तो घोटून गुळगुळीत, मग रंग आणि शेवटी लाख. पत्ते हाताळायचे असतात, वाकतात, तरी थर टिकतो, कारण खाली कापड आहे. लाकूड थोडं हललं तरी कापड ते सोसून घेतं. देवळाच्या भिंतीचं चित्र पत्त्याच्या अंगावर काढायचं, असा हा बेत.

२ नोव्हेंबर

खळ केली. चिंचोके भाजून साल काढली, भिजवून वाटले आणि मंद आचेवर ढवळत शिजवले, पारदर्शक आणि लवचीक होईपर्यंत. चिमूटभर मोरचूद घातलं, कारण खळीला बुरशी आणि झुरळं दोन्ही लागतात. मोरचूद विषारी, त्यामुळे भांडं वेगळं आणि हातमोजे.

कापड म्हणजे धुऊन धुऊन मऊ झालेलं जुनं सुती धोतर. नव्या कापडात कांजी असते, ते नीट चिकटत नाही. पट्टीत काढलेल्या घराचा तळ पात्याने तिरके ओरखडे पाडून खरबरीत केला, स्पिरिटने पुसला आणि कापड गरम सरसाने बसवलं. सरस गरम पाण्याच्या भांड्यात ठेवूनच पातळ करायचा, थेट आचेवर त्याची पकड जाते. कापड वाळल्यावर भोकांवरचा भाग धारदार पात्याने कापून काढला.

८ नोव्हेंबर

खडूची बारीक पूड, दोनदा वस्त्रगाळ केलेली, पातळ खळीत. एक थर उभा, वाळला की दुसरा आडवा. जाड एक थर द्यायचा मोह टाळावा, तो वाळताना फाटतो. हवा आता कोरडी होत चालली आहे, थर सकाळी दिला की दुपारपर्यंत हात लावण्याजोगा होतो.

थर चौकटीच्या किंचित खाली येईपर्यंत चढवले, मग घोटले. आईकडे पापड-कुरडयांच्या डब्यात नदीतला एक काळा गुळगुळीत गोटा आहे, तो मागून आणला. गोटा दाबून गोल फिरवत राहिलं की आधी घसघस आवाज येतो, मग आवाज बारीक होतो, आणि जिथे आवाज जवळजवळ बंद होतो तिथे पृष्ठभागावर चमक आलेली असते. कोपऱ्यांत गोटा पोचत नाही, तिथे बांगडीचा काचेचा तुकडा गोल घासून वापरला.

शेवटी पांढऱ्या लाखेचा अगदी पातळ हात. हा थर दिसत नाही, पण सगळं काम त्याच्यावर उभं आहे. पुढचा तांबडा रंग डिंकाच्या पाण्यात असणार. लाख पाण्याने हलत नाही, त्यामुळे खालचा खडू भिजणार नाही आणि तांबडा त्यात मुरणार नाही. खरवडलं की खाली स्वच्छ पांढरं मिळेल.

११ नोव्हेंबर

काव. दुकानात गेरू मिळतो, पण चिऱ्याची खाण जवळ असताना गेरू विकत कशाला आणायचा? जांभ्याचे सगळ्यात तांबडे खडे वेचले, कुटले आणि पाण्यात ढवळले. जड वाळू लगेच तळाला बसते. वरचं लाल पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून रात्रभर ठेवलं. सकाळी वरचं निवळ पाणी टाकून दिलं, खाली लोण्यासारखी मऊ माती. तिला पुन्हा एकदा असंच धुतलं आणि वाळवलं.

रंग विटेसारखा, थोडा पिवळट आला. देवळातली काव याहून गडद असते. म्हणून ती पूड लोखंडी तव्यावर भाजली. जांभ्यात पिवळसर लोहखनिजही असतं, त्याच्यात पाणी बांधलेलं असतं. आच लागून ते पाणी गेलं की तांबडं लोह ऑक्साईड उरतं. तव्यावर रंग डोळ्यांदेखत बदलतो: कडेने आधी, मग मधे, पिवळट छटा जाऊन सुपारीच्या रंगाकडे. मास्क घालूनच हे करावं, पूड फार हलकी असते.

डिंकाच्या पाण्यात घोटून घेतली. लाखेच्या थरावर पाण्यातला रंग थेंबांनी गोळा होतो, पसरत नाही. दोन थेंब रिठ्याचं पाणी घातलं आणि तो एकसारखा पसरला.

१५ नोव्हेंबर

चित्र काय असावं? भाचीला मोर हवा होता. ११ मिमीच्या पट्ट्यात मोर बसत नाही, मान तुटून चकतीखाली जाते. त्या पट्ट्याला वर जाणारं, निमुळतं होणारं काहीतरी हवं. फांदी.

आईच्या कपाटात लुगड्यांच्या घडीत सुरंगीचा सुकलेला वळेसर (गजरा) असतो. सुकून तपकिरी झाला तरी वास जात नाही. तो समोर ठेवून चितारलं. सुरंगीची गंमत अशी की कळ्या पानांच्या शेंड्याला येत नाहीत. जुन्या फांदीवर, थेट सालीतून, घोसाने फुटतात. गोल कळी, आखूड देठ, लगेच फांदी. एरवी वेलबुट्टीत देठांचे लांब गरगर फिरणारे वळसे असतात, त्यांना इथे जागाच नव्हती. सुरंगीला ते लागतच नाहीत. नटकडून एक जाड फांदी निघते, वर बारीक होत जाते, दोन्ही बाजूंना कळ्यांचे घोस, चकत्यांच्या मधल्या खोलगट जागांत बरोबर बसणारे. वर कपाळावर एक उमललेलं फूल, चार पाकळ्या आणि मधे केसरांचा दाट गोळा. फुलाभोवती कंपासने काढलेलं वर्तुळ, देवळातल्या कावीत असतं तसं.

भाचीने कागदावरचं चित्र बघितलं. "आजीची सुरंगी!" मोराचा विषय संपला.

२१ नोव्हेंबर

एक गोष्ट आधी तपासून घेतली: जमीन तांबडी ठेवून पांढऱ्या रेषांनी चित्र काढायचं, की जमीन पांढरी करून तांबडं चित्र ठेवायचं. पहिल्यात खरवडण्याचं काम थोडं, म्हणून मोह होतो. दोन्ही नमुने खडूचा थर दिलेल्या तुकड्यांवर काढून अंगणाच्या टोकाला ठेवले आणि पायरीवरून बघितले. पांढऱ्या बारीक रेषा तांबड्यात विरघळून सगळं फिकट गुलाबी झालं. तांबडी फांदी पांढऱ्यावर मात्र स्वच्छ वाचता येत होती. वर तारा जाणार, त्यांच्या चकाकत्या रेषा आणखी गोंधळ करणार, हेही लक्षात घ्यायला हवं. म्हणून मधला पट्टा पांढरा आणि चित्र तांबडं. कडेच्या काठाला तेवढ्या तांबड्यावर पांढऱ्या रेषा.

२४ नोव्हेंबर

कावेचे दोन हात दिले आणि खरवडायला बसलो.

हत्यारं घरचीच. बांबूच्या मुठीत बसवलेलं दाभण आणि हेक्सॉच्या तुटक्या पात्याची घासून केलेली चपटी पटाशी. दाभणाचं टोक दगडावर किंचित गोल केलं. तीक्ष्ण टोक लाखेच्या थरातून आरपार जाऊन खडूत रुततं आणि रेषेच्या कडा फाटक्या येतात. गोल टोक तांबडं तेवढं उचलतं.

वेळ साधणं महत्त्वाचं. रंग पुरता वाळून खडखडीत झाला तर तो टवके उडवत निघतो, कळीची कड करवती होते. फार ओला असला तर सारवला जातो आणि पांढऱ्यावर गुलाबी डाग राहतो. मधे एक वेळ असते, बोट ठेवलं तर गार लागतं पण बोटाला रंग येत नाही. तेव्हा दाभणाखालून तांबडं बारीक वळवट्यासारखं गुंडाळत निघतं आणि मागे रेषा कोरीव येते. ही वेळ लवकर सरते, म्हणून सगळं डोकं एकदम रंगवायचं नाही. एक भाग रंगवा, खरवडा, मग पुढचा. देवळातले कारागीरही गिलाव्याचा थर ओला असतानाच काम उरकत, तेव्हा हे त्यांच्या शिस्तीतलंच आहे.

क्रम असा ठेवला: आधी वर्तुळ, कंपासच्या एका पायात सुई आणि दुसऱ्यात दाभणाचं टोक. मग काठाच्या दोन समांतर रेषा. मग फांदीची बाह्यरेषा, आणि सगळ्यात शेवटी पटाशीने मोकळी जमीन पांढरी करणं. निघालेली पूड फुंकायची नाही, तोंडातल्या ओलाव्याने डाग पडतो. मऊ कुंचल्याने झटकायची.

कळ्या गोल काढल्यावर सपाट टिकल्यांसारख्या वाटत होत्या. प्रत्येक कळीच्या वरच्या डाव्या अंगाला एक बारीक चंद्रकोर खरवडली आणि ती फुगली. केसरांसाठी दाभणाची टोचणी, मधून बाहेर, दाट ते विरळ. फांदीच्या सालीवर जिथे कळी फुटते तिथे एक छोटी गाठ. लांबून ती कुणाला दिसणार नाही, पण सुरंगी तिथूनच फुटते, म्हणून ती हवी.

संध्याकाळी मेस्त आले. बराच वेळ बघत राहिले आणि विचारलं, "ह्यावर पॉलिश मारल्यावर लाल पसरणार नाही?" प्रश्न योग्य होता. डिंक स्पिरिटमध्ये विरघळत नाही, त्यामुळे लाखेचं पॉलिश काव हलवत नाही. नमुन्यावर फडकं फिरवून दाखवलं, पांढरं पांढरंच राहिलं.

१ डिसेंबर

ट्युनरच्या प्लॅस्टिकच्या मुठी बदलल्या. करवंटीची जाडी एकट्याने पुरत नाही, म्हणून दोन तुकडे सपाट घासून अरल्डाईटने पाठीला पाठ जोडले, कानसेने आकार दिला, बारीक पॉलिश पेपर आणि शेवटी खोबरेल. ट्युनर घेतानाच मूठ स्क्रूने बसणारी जात निवडावी, ठोकून बसवलेल्या मुठी बदलता येत नाहीत.

१४ डिसेंबर

लाखेचं पॉलिश. चपडा लाख स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवून कापडातून गाळली. चित्रावरचे पहिले दोन हात मऊ कुंचल्याने आणि न घासता, नंतर कापसाच्या बोळ्यावर सुती फडकं गुंडाळून लांब, सरळ हात. लाखेमुळे पांढऱ्याला हलका हस्तिदंती रंग आला आणि काव ओली असतानासारखी गडद झाली. जुन्या भिंतीवर दिसतं तसंच.

गोव्यात हे काम डिसेंबर-जानेवारीत करावं आणि ऊन वर आल्यावर. दमट हवेत स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतलं पाणी थरावर बसतं आणि पॉलिशवर पांढरट धुकं येतं. पावसाळ्यात तर हात लावू नये.

नेकच्या मागच्या बाजूला लाख नाही, जवसाचं तेल. तळहाताच्या घामाला ते बरं सोसतं. तेलाची फडकी गोळा करून टाकू नयेत, वाळताना ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून उन्हात वाळवली.

२८ डिसेंबर

ट्युनर बसवले. पुढचे नट पान्याने नव्हे, हाताने बसवून मग पाव फेरा. चकतीखाली पातळ चामड्याची कडी घातली आहे, म्हणजे धातू खडूच्या थराला चावत नाही. चकत्या घोसांच्या मधल्या जागांत बसल्या, एकाही कळीवर आल्या नाहीत.

तारा १० ते ४६ च्या (जाडी इंचाच्या हजाराव्या भागात). सहा तारा सुरात आल्या की नेकवर एकूण सुमारे ४५ किलोचा ताण येतो, म्हणून एकदम पूर्ण न चढवता दोन सूर खाली ठेवून रात्रभर राहू दिलं. नटच्या खाचांत शिसपेन्सिलची पूड. जी तार आवाज न करता सरकते, निमुळत्या डोक्याचा फायदा तिथे दिसला. गळ्यातल्या पट्ट्यावर अडकवून सोडली तर गिटार डोक्याकडे झुकत नाही. बॉडी फणसाची आणि भरीव, ती डोक्याचं वजन तोलून धरते.

भाचीने स्टिकरचा विषय पुन्हा काढला नाही. उलट, मागच्या बाजूला तापल्या सळईने 'पेडणे' लिहूया असं तीच म्हणाली, आणि अक्षरंही तिनेच काढली.

तिच्यासाठी देखभालीचं इथेच लिहून ठेवतो. डोकं कोरड्या मऊ फडक्याने पुसायचं. स्पिरिट, सॅनिटायझर, सेंटचा फवारा डोक्याजवळ न्यायचा नाही, लाख लगेच विरघळते. तारा बदलताना जुनी तार कापून तिची टोकं चित्रावरून ओढायची नाहीत, आधी खुंटीवरून सोडवायची. नंतर तार कापताना पुढे जाड कागद धरायचा. कधी टवका उडालाच, तर उरलेली काव आणि खडू वेगवेगळ्या बाटल्यांत, नाव लिहून, माझ्या हत्यारांच्या पेटीत ठेवले आहेत. तेवढाच भाग दाभणाने साफ करून भरता येतो, सगळं डोकं पुन्हा करावं लागत नाही. पावसाळ्यात गिटार कपाटात बंद ठेवण्यापेक्षा खोलीत मोकळी टांगलेली बरी, फक्त बाहेरच्या भिंतीवर नको, ती ओल धरते.